धोक्याचं यंत्र कुणाच्या घरात आहे?



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्या सरांनी आयुष्याचा उत्तरार्ध ग्राहक चळवळीला दिला. बिंदुमाधव जोशी यांनी १९७४ साली पुण्यात ग्राहक पंचायत उभी केली आणि पुढे गावोगावच्या कितीतरी शिक्षकांनी ते काम आपलं मानलं. सर त्यांतलेच. खोटी वजनं, तेलातली भेसळ, कमी भरलेले सिलिंडर ही त्यांची रोजची भांडणं होती. आज मी जो विषय मांडणार आहे तो त्यांच्या उमेदीच्या काळात फारसा नव्हता, कारण घरात यंत्रंच थोडी होती. आता दोन खोल्यांच्या घरातही फ्रिज आहे, वॉशिंग मशीन आहे, गीझर, मिक्सर, टीव्ही, इन्व्हर्टर आहे. त्यांतली काही आपण झोपल्यावरही चालू असतात. अशा एखाद्या यंत्रात कारखान्यातूनच दोष आला असेल, त्याने आग लागू शकते हे कंपनीला कळलेलं असेल, तर ते आपल्याला कोण सांगणार, कधी सांगणार आणि आपलं घर त्यांना सापडणार कसं, एवढाच आजचा प्रश्न आहे.

याचं सगळ्यात बोलकं उदाहरण ब्रिटनचं आहे, म्हणून आधी तिकडे जाऊ.

त्या देशात वर्षातला बराच काळ कपडे बाहेर वाळत नाहीत. त्यामुळे कपडे वाळवण्याचं यंत्र, टम्बल ड्रायर, तिथे सर्वसामान्य घरात असतो. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये व्हर्लपूल कंपनीने जाहीर केलं की २००४ पासून २०१५ पर्यंत तयार झालेल्या काही ड्रायरना आग लागण्याचा धोका आहे. ही यंत्रं हॉटपॉइंट, इंडेसिट, क्रेडा, स्वान, प्रोलाइन अशा नावांनी विकली गेली होती. इंडेसिट कंपनी व्हर्लपूलने २०१४ मध्ये विकत घेतली आणि तिच्याबरोबर हा दोषही पदरात आला. ब्रिटनमध्ये अशी पन्नास लाखांहून अधिक यंत्रं विकली गेली होती आणि सुमारे ३८ लाख अजून वापरात असावीत, असा अंदाज होता.

दोष नेमका काय होता, ते समजून घेण्यासारखं आहे. ड्रायरचं काम तसं साधं. पिंपात ओले कपडे फिरतात, मागे विजेची कॉइल तापते, पंखा त्या कॉइलवरून हवा ओढून पिंपात सोडतो. कपडे एकमेकांवर घासले की त्यांचे बारीक तंतू सुटतात. बहुतेक तंतू जाळीत अडकतात आणि ती जाळी दर वेळी साफ करायची असते. या यंत्रांत मात्र काही तंतू पिंपाच्या मागच्या कडेतून निसटून कॉइलपर्यंत पोचत. पिंजलेल्या कापसासारखा तो पुंजका कॉइलला लागला की पेट घेई आणि हवेच्या झोताबरोबर जळते कण आत कपड्यांवर जाऊन पडत. म्हणजे जाळी नेमाने साफ करणाऱ्या माणसाच्या घरालाही धोका होताच. त्याच्या हातात असलेली एकमेव काळजी त्याने घेतली होती आणि ती पुरेशी नव्हती.

आता कंपनीने लोकांना काय सांगितलं ते ऐका. आम्ही तंत्रज्ञ पाठवून यंत्रात मोफत दुरुस्ती करून देऊ, तोवर यंत्र वापरत राहायला हरकत नाही, फक्त ते चालू असताना सोडून जाऊ नका. दुरुस्तीसाठी लोकांना महिनोन्‌महिने थांबावं लागलं. ‘लक्ष ठेवा’ या सल्ल्यामागे एक हिशेब आहे. आग लागली तर माणूस घरात असेल, बटण बंद करील, बाहेर पडेल. आग लागणारच नाही असं काही त्यात नाही.

१९ ऑगस्ट २०१६ रोजी लंडनच्या शेफर्ड्स बुश भागातल्या शेफर्ड्स कोर्ट या उंच इमारतीत सातव्या मजल्यावर अशाच एका ड्रायरला आग लागली. दुरुस्तीच्या यादीतलं इंडेसिटचं यंत्र होतं ते. कुटुंब घरातच होतं. त्यांनी सांगितल्याप्रमाणे सगळं केलं, यंत्र बंद केलं, अग्निशमन दलाला फोन केला, बाहेर पडले. तरी ज्वाळा खिडकीतून बाहेर येऊन वरच्या मजल्यांवर चढल्या. २० बंब आणि १२० जवान लागले. जीवितहानी झाली नाही, पण कित्येक कुटुंबांना घर सोडावं लागलं. लंडन अग्निशमन दलाने दोष यंत्राचा असल्याचं स्पष्ट सांगितलं आणि लोकांना ही यंत्रं वापरूच नका असं बजावलं. तरीही कंपनीचा सल्ला बदलला तो २०१७ च्या फेब्रुवारीत. तोही आपणहून बदलला नाही. ‘विच?’ ही तिथली ग्राहक संस्था न्यायालयात गेली होती आणि पीटरबरो शहराच्या व्यापार मानक खात्याने कंपनीला नोटिसा काढल्या होत्या. त्यानंतर ‘प्लग काढून ठेवा’ हे तीन शब्द अधिकृतपणे उच्चारले गेले.

एका शहराच्या खात्याचं नाव इथे का येतं, हेही सांगितलं पाहिजे. तिथल्या व्यवस्थेत कंपनी स्थानिक संस्थेशी करार करून तिला आपली प्रमुख नियामक म्हणून निवडू शकते. पीटरबरोची नगर परिषद अशा रीतीने सगळ्या देशातल्या लाखो ड्रायरची राखणदार झाली होती. एवढ्या मोठ्या कंपनीपुढे एवढं छोटं खातं! या प्रकरणानंतर २०१८ च्या जानेवारीत ब्रिटिश सरकारने उत्पादन सुरक्षेसाठी स्वतंत्र राष्ट्रीय कार्यालय सुरू केलं. त्याच महिन्यात संसदेच्या समितीने अहवाल दिला की दहा लाखांपर्यंत सदोष यंत्रं अजून घराघरांत असावीत. अखेर २०१९ च्या जून महिन्यात सरकारने रिकॉलचा, म्हणजे यंत्रं परत बोलावण्याचा, आदेश काढण्याची तयारी जाहीर केली आणि जुलैमध्ये कंपनीने रिकॉल सुरू केला. तेव्हाही सुमारे पाच लाख यंत्रं दुरुस्तीवाचून राहिली आहेत असं सरकारचं म्हणणं होतं. पहिल्या घोषणेपासून रिकॉलपर्यंत साडेतीन वर्षांहून जास्त काळ गेला. त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये याच कंपनीने पाच लाख १९ हजार वॉशिंग मशीनबद्दल नवी सूचना काढली. त्यांत दाराच्या कुलपाचा भाग तापून आग लागत होती.

ही पाच लाख यंत्रं होती कुठे? या ठिकाणी मला थोडं थांबायचं आहे, कारण सगळ्या विषयाची मेख इथे आहे.

व्हर्लपूलने पत्रं पाठवली, जाहिराती दिल्या, संकेतस्थळ काढलं. ज्यांनी खरेदीच्या वेळी नोंदणी कार्ड भरून पाठवलं होतं त्यांना पत्रं मिळाली. पण असं कार्ड भरतं कोण? खोक्यातून कार्ड निघतं, त्यावर नाव, पत्ता, वय, आवडीनिवडी विचारलेल्या असतात. हे भरलं की जाहिरातींचा भडिमार होणार, हे लोकांना अनुभवाने माहीत झालेलं असतं, म्हणून ते कार्ड कचऱ्यात जातं. कंपन्यांनी सुरक्षेची नोंद आणि विक्रीची यादी एकाच कागदावर आणली, त्याची किंमत लोकांनी मोजली. ज्यांनी कार्ड भरलं त्यांनी मधल्या अकरा वर्षांत घरं बदलली. यंत्र घराबरोबर विकलं गेलं, भाडेकरूला मिळालं, जुन्या सामानाच्या दुकानातून तिसऱ्याकडे पोचलं. ब्रिटनमधली ‘इलेक्ट्रिकल सेफ्टी फर्स्ट’ ही संस्था सांगते की विद्युत उपकरणांच्या रिकॉलमध्ये साधारणपणे दहा ते वीस टक्केच यंत्रं परत येतात किंवा दुरुस्त होतात. उरलेली यंत्रं जुनी असतात आणि बहुतेक वेळा ज्याच्याकडे नवं घ्यायला पैसे नाहीत त्याच्याच घरात असतात. रिकॉलमध्ये न सापडणारा माणूस म्हणजे भाडेकरू, विद्यार्थी, एकटी राहणारी वृद्ध बाई, परदेशातून आलेलं नवं कुटुंब. तुमच्यापैकी अनेकांची मुलं तिकडे भाड्याच्या घरात घरमालकाने ठेवलेली यंत्रं वापरतात. त्यांना आज रात्री फोन करून यंत्राच्या मागचा मॉडेल क्रमांक वाचायला सांगा. ब्रिटनमध्ये सरकारची रिकॉलची यादी खुली आहे, त्यात तो क्रमांक पाहता येतो.

माणसांचा हिशेब वेगळा. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये उत्तर वेल्समधल्या लानरुस्ट गावात एका सदनिकेत आग लागून दोन माणसं गेली. ती आग ड्रायरच्या दाराच्या स्विचमधल्या विद्युत दोषाने लागली असण्याचीच शक्यता अधिक, असा निष्कर्ष तिथल्या मृत्यू-चौकशी अधिकाऱ्याने काढला तो सप्टेंबर २०१७ मध्ये. जवळजवळ तीन वर्षं त्या दोन घरांनी उत्तराची वाट पाहिली.

ग्रेनफेल टॉवर तुम्हाला आठवत असेल. १४ जून २०१७ च्या मध्यरात्रीनंतर पश्चिम लंडनमधली ती चोवीस मजली इमारत पेटली आणि ७२ माणसं मेली. चौथ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरातल्या मोठ्या फ्रिज-फ्रीझरमधल्या विद्युत दोषातून आग सुरू झाली, असं चौकशी आयोगाने नोंदवलं. ती एवढी पसरली ती इमारतीला बाहेरून बसवलेल्या ज्वालाग्राही पत्र्यांमुळे. फ्रिजच्या त्या मॉडेलची सरकारने नंतर तपासणी केली, धोका कमी असल्याचं सांगितलं आणि रिकॉल काढला नाही. म्हणून ग्रेनफेलला मी फसलेल्या रिकॉलचं उदाहरण म्हणणार नाही. मी ते सांगतो आहे दुसऱ्या कारणाने. चौकशीत एका तज्ज्ञाने बोट ठेवलं ते कॉम्प्रेसरजवळच्या एका जोडावर. वायरच्या टोकाला धातूची छोटी टोपी दाबून बसवतात, आपले इलेक्ट्रिशियन तिला लग म्हणतात. ती नीट दाबली गेली नाही की तिथे वीज अडते, जोड तापत राहतो, आजूबाजूचं प्लास्टिक वितळतं. बोटाच्या पेरापेक्षा लहान अशी ती वस्तू. फ्रिज बनवणाऱ्या कंपनीने हे म्हणणं मान्य केलं नाही. आणि इकडे त्या घरातल्या रहिवाशावर वर्तमानपत्रांतून संशयाची झोड उठली. त्याने अग्निशमन दलाला फोन केला होता, शेजाऱ्यांची दारं ठोठावली होती. शेवटी आयोगाच्या अध्यक्षांना, सर मार्टिन मूर-बिक यांना, स्पष्ट लिहावं लागलं की या माणसाचा कसलाही दोष नाही.

यंत्राचा दोष शाबीत होत नाही तोवर घरातलं माणूस आरोपी असतं. हे लंडनमध्ये आहे तसंच नांदेडमध्ये आहे. आपल्याकडे तर आग विझायच्या आतच ‘गॅस चालू ठेवला असेल’, ‘प्लग काढला नसेल’ सुरू होतं आणि ते बहुतेक वेळा घरातल्या बाईबद्दल असतं.

कंपनीला कळणं आणि लोकांना कळणं यांच्यामध्ये जो वेळ जातो, त्याबद्दल अमेरिकेच्या कायद्याने एक कडक भूमिका घेतली आहे. उत्पादनात गंभीर धोका असल्याची माहिती मिळाली की चोवीस तासांत ग्राहक सुरक्षा आयोगाला कळवलंच पाहिजे. ग्री या चिनी कंपनीची हवेतला दमटपणा शोषणारी यंत्रं तिथे अनेक ब्रँडच्या नावांनी विकली जात होती. ती पेट घेतात हे कंपनीच्या अमेरिकेतल्या दोन वरिष्ठ अधिकाऱ्यांना २०१२ मध्ये कळलं होतं. त्यांनी किमान सहा महिने आयोगाला कळवलं नाही आणि विक्री चालू ठेवली. सप्टेंबर २०१३ मध्ये बावीस लाखांच्या घरातली यंत्रं परत बोलावली गेली आणि पुढच्या काळात एकूण ४५० हून अधिक आगींची नोंद झाली. पुढे कंपनीला कोट्यवधी डॉलरचा दंड झाला. पण दंड हा मोठ्या कंपनीच्या ताळेबंदातला एक आकडा असतो. खरा फरक पडला तो २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये. लॉस एंजेलिसच्या ज्यूरीने त्या दोन अधिकाऱ्यांना व्यक्तिशः दोषी धरलं. त्या कायद्याखाली माहिती दडवल्याबद्दल माणसांना गुन्हेगार ठरवण्याची ती पहिली वेळ. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला हा सर्वांत महत्त्वाचा निकाल आहे, कारण सही करणाऱ्या माणसाला आता रात्री झोप लागताना विचार करावा लागेल.

आता आपल्याकडे येऊ. आपला कायदा दुबळा नाही, हे मी आधीच सांगतो. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण स्थापन केलं आणि ते जुलै २०२० पासून काम करू लागलं. धोकादायक वस्तू परत बोलावण्याचा आणि ग्राहकांचे पैसे परत द्यायला लावण्याचा अधिकार कलम २० ने त्याला दिला आहे. याच कायद्यात उत्पादन-दायित्वाचं अख्खं प्रकरण आहे. धोक्याची पुरेशी सूचना दिली नाही, एवढ्यावरूनही उत्पादक भरपाईला जबाबदार ठरतो. भारतीय मानक ब्यूरोच्या २०१६ च्या कायद्यातही मानकाला न उतरलेला माल मागे घ्यायला लावण्याची तरतूद आहे.

या अधिकाराचा वापर कसा होतो ते पाहण्यासारखं आहे. ऑगस्ट २०२२ मध्ये प्राधिकरणाने ॲमेझॉनला आदेश दिला की तुमच्या व्यासपीठावरून सक्तीच्या मानकाला न जुमानणारे प्रेशर कुकर विकले गेले आहेत, अशा २,२६५ कुकरच्या सगळ्या ग्राहकांना कळवा, कुकर परत घ्या, पैसे द्या आणि एक लाख रुपये दंड भरा. फ्लिपकार्टच्या बाबतीतही तसाच आदेश निघाला, त्यात ५९८ कुकर होते. मला या आकड्यांचं फार महत्त्व वाटतं. २,२६५ म्हणजे शेवटच्या कुकरपर्यंत मोजणी! घरपोच माल पाठवला, म्हणून प्रत्येकाचा पत्ता आणि मोबाइल क्रमांक कंपनीकडे होता. हाच कुकर गल्लीतल्या भांड्यांच्या दुकानातून गेला असता तर तो कुणाकडे आहे हे देवालाच ठाऊक राहिलं असतं.

मोटारीच्या बाबतीत आपण हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. गाडीचा चॅसी क्रमांक आणि मालकाचं नाव-पत्ता परिवहन कार्यालयात असतो. गाडी विकली की नोंद बदलते. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम ११०-अ आलं आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश सरकार देऊ शकतं. गाडीत ब्रेकचा दोष निघाला तर तिसऱ्या मालकालाही पत्र जाऊ शकतं. चाळीस हजारांचा फ्रिज वर्षानुवर्षं आपल्या उशापासून दहा फुटांवर रात्रंदिवस चालतो, त्याची नोंद कुठेच नाही. मोठ्या रिकॉलचा आपल्या लोकांना आलेला एक अनुभव म्हणजे ऑगस्ट २००७ मधला. नोकियाने मात्सुशिताकडून बनवून घेतलेल्या बीएल-५सी जातीच्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या तापण्याच्या धोक्याबद्दल जगभर सूचना काढली होती. दुकानांपुढे रांगा लागल्या, लोक बॅटरी काढून तिच्यावरचा बारीक क्रमांक वाचत होते. लोक बेफिकीर असतात म्हणून रिकॉल फसतो, हे मला मान्य नाही. क्रमांक हातात आला आणि कुठे दाखवायचा ते कळलं, की आपला माणूस उन्हात उभा राहतो.

पण रिकॉलची वेळ येण्याआधी दोष उघड व्हावा लागतो आणि तिथे आपली साखळी सुरुवातीलाच तुटते. लंडन अग्निशमन दल सांगू शकतं की शहरात फ्रिज, वॉशिंग मशीन, ड्रायर अशा यंत्रांमुळे दिवसाला सरासरी एक आग लागते. ते सांगू शकतं, कारण तिथे आग विझल्यावर यंत्राचा ब्रँड आणि मॉडेल लिहून घेतात. आपल्या वर्तमानपत्रात काय छापून येतं ते तुम्हाला तोंडपाठ आहे: ‘शॉर्टसर्किटमुळे आग लागल्याचा प्राथमिक अंदाज’. तो प्राथमिक अंदाज तसाच अंतिम होतो. पंचनाम्यात एक फ्रिज, एक टीव्ही, कपाट, गाद्या जळून खाक, असं लिहिलेलं असतं, मालमत्तेच्या यादीसारखं. फ्रिज कुणाचा, कोणतं मॉडेल, कोणत्या साली बनलेला, याची ओळ नसते. एकाच मॉडेलच्या एसीला सोलापुरात, नागपुरात आणि पणजीत एकाच उन्हाळ्यात आग लागली तरी त्या तीन आगी एकमेकींना कधी भेटत नाहीत. तीन घरं स्वतःला दोष देत बसतात.

म्हणून माझी मागणी सरकारकडे दोन गोष्टींची आहे. अग्निशमन दल आणि विद्युत निरीक्षक यांच्या अहवालाच्या नमुन्यात यंत्राचा ब्रँड, मॉडेल, अनुक्रमांक आणि उत्पादनाचं वर्ष यांच्यासाठी सक्तीचा रकाना असावा आणि तो तपशील प्राधिकरणाकडे जावा. आणि मोठ्या विद्युत उपकरणाची विक्री करताना दुकानदाराने सुरक्षेपुरती नोंद करावी, जी जाहिरातीसाठी वापरता येणार नाही आणि वापरली तर गुन्हा ठरेल. जीएसटीचं बिल आज बहुतेक दुकानदार संगणकावर काढतात. त्यात मोबाइल क्रमांक आणि यंत्राचा अनुक्रमांक टाकायला अर्धं मिनिट लागतं. खर्चाचं कारण इथे टिकत नाही.

तुमच्याकडे मात्र कायदा होईपर्यंत थांबायला वेळ नाही. प्रत्येक यंत्रावर एक चंदेरी पट्टी असते. फ्रिजची बहुधा आतल्या भिंतीवर किंवा पाठीमागे, वॉशिंग मशीनची दाराच्या कडेला किंवा मागे, गीझरची खाली तळाशी. त्यावर मॉडेल आणि अनुक्रमांक असतो. आयएसआय चिन्ह असेल तर त्याच्याखाली ‘सीएम/एल’ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो मानक ब्यूरोच्या ‘बीआयएस केअर’ ॲपवर टाकला की खरा आहे की बनावट ते कळतं. ही पट्टी काही वर्षांत पुसट होते आणि आगीत जळून जाते. उद्या सकाळी तिचा फोटो काढा, बिलाच्या फोटोशेजारी ठेवा आणि दोन्ही घराबाहेर राहणाऱ्या एका माणसाला पाठवून ठेवा. जुनं यंत्र कामवाल्या मावशींना किंवा गावच्या भावाला देत असाल तर बिल आणि क्रमांकही त्यांच्या हातात द्या. यंत्रातून जळका वास आला, प्लग हाताला चटका देण्याइतका तापला, तर ते बंद करा आणि दुरुस्त करून गप्प बसू नका. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा, कारण तुमच्या मॉडेलची ती पहिली तक्रार असू शकते. आणि कुणाच्या घरी दुर्दैवाने आग लागलीच, तर पंचनाम्यावर सही करण्याआधी यंत्राचं नाव, मॉडेल आणि क्रमांक त्यात लिहून घ्या. लिहायला नकार मिळाला तर तसं लेखी मागा.